समुद्र हटला, काळी रेघ राहिली

रत्नागिरीत दोन समुद्र आहेत, असं तिथली माणसं सांगतात. मांडवीकडचा काळा समुद्र आणि मिऱ्याकडचा पांढरा समुद्र. पाणी एकाच अरबी समुद्राचं; काळी आणि पांढरी आहे ती पुळण. मांडवीच्या सुकलेल्या वाळूतून लोहचुंबक फिरवला की त्याला काळ्या बारीक कणांचे झुपके चिकटतात. हे तिथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं.

पण जरा वाकून पाहिलं तर खरं कोडं दिसतं. काळे कण वाळूत सगळीकडे सारखे मिसळलेले नसतात. कुठे नुसती पुसट रेघ, कुठे हातभर रुंद पट्टा, कुठे अख्खा उतार काळा. पावसाळ्यात मोठं उधाण येऊन गेलं की हे पट्टे ठसठशीत होतात. वितभर खणलं तर काळा थर, त्याखाली फिकट, त्याखाली पुन्हा काळा. समुद्र तर वाळू रात्रंदिवस ढवळत असतो. ढवळल्यानं गोष्टी मिसळतात. मग इथे त्या वेगळ्या कशा होतात?

दुसरं कोडं पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला आहे. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, वायव्य कोपऱ्यात, चस्का पर्वताच्या पूर्वेला सॅनोस्टी नावाची, नाव्हाहो या मूळनिवासी लोकांची वस्ती आहे. आसपास कोरडा, उघडाबोडका पठारी मुलूख. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तिथल्या पिवळट वालुकाश्माच्या कड्यांमध्ये मधेच एक गडद तपकिरी, गंजल्यासारखा, हाताला जड लागणारा दगडाचा पट्टा दिसतो. तोही एके काळी काळी पुळणच होता. वय सुमारे ९ कोटी वर्षं.

विमानातून सापडलेला किनारा

१९५० च्या दशकात अमेरिकेत युरेनियमचा शोध जोरात होता. तिथल्या अणुऊर्जा आयोगाची विमानं किरणोत्सार मोजणारी उपकरणं घेऊन पश्चिमेकडच्या राज्यांवरून खालून उडत. जमिनीतून नेहमीपेक्षा जास्त गॅमा किरण येत असतील तिथे खूण करायची आणि मग माणसं पाठवून तपासायचं, अशी पद्धत. सॅनोस्टीच्या परिसरातल्या सॅन हुआन खोऱ्यात अशा अनेक खुणा झाल्या. माणसं पोचली तेव्हा त्यांना युरेनियमचं खनिज मिळालं नाही, हा काळपट वालुकाश्म मिळाला. त्यातला किरणोत्सार मुख्यतः थोरियमचा होता, आणि थोरियम होतं मोनाझाइट नावाच्या खनिजाच्या बारीक कणांमध्ये. १९५७ साली विल्यम चेनोवेथ या भूवैज्ञानिकानं या साठ्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. वायोमिंग राज्यात तसेच साठे होते. त्यांवर रॉबर्ट ह्यूस्टन आणि जॉन मर्फी यांनी पुढे सविस्तर काम केलं.

हे पट्टे नकाशावर मांडल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. ते लांबट आणि अरुंद आहेत. जाडी साधारण एक-दीड मीटर, रुंदी बहुतेकदा काही दशक मीटर, लांबी काहीशे मीटर. आणि ते वायव्य-आग्नेय दिशेनं पसरलेले आहेत. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या मधोमध, आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत, एक उथळ समुद्र पसरला होता. त्याचा या भागातला किनाराही वायव्य-आग्नेय जात होता. थोडक्यात, प्रत्येक काळा पट्टा म्हणजे त्या किनाऱ्याचा एकेक तुकडा आहे.

बुडणं वेगळं, उचललं जाणं वेगळं

वाळूचा बहुतेक भाग असतो क्वार्ट्झचा, म्हणजे आपल्या गारगोटीच्या खनिजाचा. त्याच्या एका घन सेंटिमीटरचं वजन २.६५ ग्रॅम. वाळूतल्या ज्या खनिजांचं वजन साधारण २.९ ग्रॅमच्या वर जातं त्यांना भूवैज्ञानिक ‘जड खनिजं’ म्हणतात. काळ्या पुळणीतलं मुख्य खनिज इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड, ४.७ ग्रॅमच्या आसपास भरतं. हवेत तोललं तर ते क्वार्ट्झच्या पावणेदोन पट जड. पाण्यात मात्र दोन्ही खनिजांचं वजन घन सेंटिमीटरमागे एक ग्रॅमनं घटतं. उरतात १.६५ आणि ३.७. म्हणजे फरक सव्वादोन पटींवर जातो. पाण्याला जड-हलकं हवेपेक्षा जास्त कळतं.

यावरून वाटेल की उत्तर मिळालं: जड कण आधी बुडले, हलके नंतर, झाले थर. पण तसं होत नाही. कण किती वेगानं बुडतो हे त्याच्या घनतेइतकंच, किंबहुना जास्तच, त्याच्या आकारावर ठरतं. ०.२ मिलिमीटरचा क्वार्ट्झचा कण आणि सुमारे ०.१३ मिलिमीटरचा इल्मेनाइटचा कण जवळजवळ एकाच वेगानं तळाला जातात. नदीनं किंवा लाटेनं सोडलेल्या वाळूत म्हणूनच मोठे हलके कण आणि लहान जड कण शेजारीशेजारी येऊन पडतात. बुडण्याच्या क्रियेनं ते वेगळे होत नाहीत. उलट एकत्र येतात. विल्यम रूबी या अमेरिकी भूवैज्ञानिकानं १९३३ मध्ये हे नीट मांडलं होतं.

वेगळं होणं घडतं ते नंतर, कण पुन्हा उचलले जाताना. वाळूच्या पृष्ठभागावर क्वार्ट्झचे मोठे कण डोकं वर काढून असतात. इल्मेनाइटचे लहान कण त्यांच्या आडोशाला, फटींमध्ये बसलेले असतात. वरून पाणी वाहायला लागलं की ते वर आलेल्या मोठ्या कणांना ढकलतं आणि गडगडवत नेतं. फटीतल्या लहान कणापर्यंत पाण्याचा जोर पोचतच नाही. पोचला तरी तो कण जड. मोठा हलका निघून जातो, लहान जड राहतो.

सराफ बाजारात झारेकरी हेच करत. सोनाराच्या दुकानातला केरकचरा आणि माती परातीत घ्यायची, पाणी घालायचं, परात तिरपी धरून गोल गोल हलवायची आणि गढूळ पाणी कडेवरून सोडून द्यायचं. झारेकरी सोनं कुठून आणत नाही, तो माती घालवतो. घालवायचं संपलं की तळाशी सोन्याचे कण उरलेले असतात. पुळणीवरची लाट याच कामाची आहे. चढती लाट फेसाळत वर येते तेव्हा तिच्यात जोर असतो. हलकं-जड सगळं ती वर आणून टाकते. मग ती क्षणभर थांबते, तिचं काही पाणी वाळूत मुरतं, आणि उरलेलं पाणी पातळ पदरासारखं उतारावरून परत जातं. या परतीच्या पाण्यात जोर कमी असतो. ते हलके कण खाली नेतं, जड कण वरच सोडतं. लाट दर काही सेकंदांनी येते, आणि तिला थांबायचं माहीत नाही.

थर साचत नाही, उरतो

काळ्या थराकडे पाहताना समुद्रानं इथे काहीतरी आणून साठवलं असं आपण समजतो. खरं उलट आहे. तो थर म्हणजे तिथून किती वाळू गेली याची नोंद आहे.

साधा हिशोब करून पाहू. समजा, एखाद्या पुळणीच्या मूळ वाळूत जड खनिजं शंभरात दोन भाग आहेत. आणि काळ्या थरात ती शंभरात साठ भाग आहेत. एकही जड कण वाया गेला नाही असं धरलं तरी एक मीटर जाडीचा असा थर उरण्यासाठी त्या जागेवरून तीस मीटर जाडीची वाळू लाटांच्या हाताखालून जायला हवी. अर्थात ती एका वेळी तीस मीटरचा ढीग म्हणून तिथे नसते. थोडी येते, धुतली जाते, पुन्हा थोडी येते. किनाऱ्यालगत वाहणारे प्रवाह नदीच्या मुखाकडून वाळूचा पुरवठा करत राहतात आणि वादळं ती धुवून नेत राहतात.

वादळांचा वाटा इथे मोठा आहे. नेहमीच्या लाटा पातळ रेघा बनवतात. उधाणाच्या आणि वादळाच्या लाटा पुळणीच्या पार मागच्या टोकापर्यंत, वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत पोचतात, तिथला उतार ओरबाडतात आणि जड खनिजांचा जाड थर मागे टाकून जातात. हा थर नेहमीच्या भरतीच्या रेषेच्या वर असल्यामुळे रोजच्या लाटा त्याला हात लावत नाहीत. सॅनोस्टीसारख्या ठिकाणी काळे पट्टे नेमके या जागी सापडतात: पुळणीच्या वालुकाश्माच्या सर्वात वरच्या भागात, जमिनीकडच्या बाजूला.

चौकट: काळ्या वाळूत काय काय असतं?

इल्मेनाइट (घनता सुमारे ४.७): काळं. याच्यापासून टायटॅनियम डायऑक्साइड बनतं, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातली आणि कागदातली शुभ्र भुकटी.
रुटाइल (सुमारे ४.२): लालसर तपकिरी; जवळजवळ शुद्ध टायटॅनियम डायऑक्साइड.
झिरकॉन (सुमारे ४.६): रंगहीन ते गुलाबी. फरशा आणि चिनी मातीच्या भांड्यांवरची झिलई, ओतकामाचे साचे.
मोनाझाइट (सुमारे ५.१): मधासारखं पिवळं. यात थोरियम आणि निओडिमियमसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं असतात. पवनचक्क्यांच्या आणि विजेवरच्या गाड्यांच्या शक्तिशाली चुंबकांना ती लागतात.
मॅग्नेटाइट (५.२): साध्या लोहचुंबकाला चिकटणारं खनिज हेच.

मागे डोंगर कोणता?

लाट फक्त निवड करते. निवडायला काय मिळणार हे किनाऱ्यामागचे डोंगर ठरवतात. कोकणात मागे सह्याद्रीचा बेसॉल्ट आणि त्याच्यावर तयार झालेला जांभा. बेसॉल्टमध्ये इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे कण असतात, म्हणून रत्नागिरीची वाळू या दोघांनी काळी होते. बेसॉल्टमध्ये मोनाझाइट नसतं म्हटलं तरी चालेल. केरळ आणि कन्याकुमारीच्या मागे मात्र अतिशय जुने, खोलवर भाजून निघालेले रूपांतरित खडक आणि ग्रॅनाइटच्या जातीचे खडक आहेत. म्हणून चवरा आणि मनवलाकुरिची इथल्या वाळूत इल्मेनाइटबरोबर मोनाझाइट आणि झिरकॉनही भरपूर. तिथल्या मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइडचं प्रमाण सुमारे ८ ते १० टक्के आहे. १९०९ मध्ये शोमबर्ग या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत ते सापडलं. तेव्हा गॅसबत्तीच्या जाळ्या बनवायला थोरियम लागत असे, त्यामुळे त्या वाळूला लगेच भाव आला.

कोकणच्या पट्ट्याबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं १९७० च्या दशकापासून रत्नागिरीजवळच्या काळबादेवी, मिऱ्या आणि रत्नागिरी या उपसागरांचा तळ तपासला. इल्मेनाइट पुळणीपाशी संपत नाही, पाण्याखालच्या वाळूतही ते पुढे पसरलेलं आहे, असं आढळलं. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. कोकणचा त्या वेळचा किनारा आज पाण्याखाली आहे.

न्यू मेक्सिकोच्या पट्ट्यांत झिरकॉन आणि मोनाझाइट दोन्ही आहेत. म्हणजे त्यांच्या मागे ग्रॅनाइटसारख्या खडकांचे किंवा अशा खडकांपासून आधीच बनलेल्या वालुकाश्मांचे डोंगर होते. नैऋत्येला, आजच्या ॲरिझोनाच्या बाजूला, मोगोयॉन नावानं ओळखला जाणारा उंच प्रदेश त्या काळी होता, आणि नद्या तिथून ईशान्येच्या समुद्राकडे वाहत होत्या.

यातला झिरकॉन भूवैज्ञानिकांना फार प्रिय आहे. झिरकॉनचा स्फटिक तयार होताना त्यात थोडं युरेनियम शिरतं, शिसं मात्र जवळजवळ शिरत नाही. पुढे त्यात जे शिसं सापडतं ते युरेनियमच्या क्षयातून आलेलं. दोहोंचं प्रमाण मोजलं की स्फटिकाचं वय कळतं. मूळ डोंगर झिजून सपाट झाला तरी त्याचं वय पुळणीतल्या कणात शिल्लक राहतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये सुमारे ३०० कोटी वर्षं जुन्या खडकात ४४० कोटी वर्षं वयाचा झिरकॉनचा कण मिळाला आहे. ज्या खडकात तो कण जन्मला, त्याचा आज पृथ्वीवर कुठेही मागमूस नाही.

वाळूचा दगड होताना

गाडली गेलेली वाळू निवांत पडून राहत नाही. तिच्यातून भूजल कोट्यवधी वर्षं झिरपत असतं आणि प्रत्येक कणाची परीक्षा होते. ऑलिव्हीन, पायरॉक्सिन यांसारखी खनिजं आजच्या पुळणीत जड खनिजांमध्येच मोजली जातात, पण जुन्या वालुकाश्मात ती क्वचितच दिसतात. विरघळून गेलेली असतात. झिरकॉन, रुटाइल आणि टूर्मलिन ही तीन टिकतात. म्हणून जितका वालुकाश्म जुना तितके त्यात जड खनिजांचे प्रकार कमी, असा कल दिसतो. अमेरिकी भूवैज्ञानिक पेटीजॉन यांनी १९४१ मध्ये याकडे लक्ष वेधलं होतं.

इल्मेनाइटचं जरा वेगळं. ते विरघळून जात नाही, पण त्यातलं लोह हळूहळू बाहेर पडतं आणि मागे टायटॅनियमनं समृद्ध झालेला फिकट कण उरतो. बाहेर पडलेलं लोह जवळच कणांच्या फटींत गंजाच्या रूपात बसतं आणि कण एकमेकांना घट्ट जखडून टाकतं. कॅल्साइटही ही डिंकासारखी भर घालतं. सॅनोस्टीचा पट्टा आजूबाजूच्या वालुकाश्मापेक्षा गडद आणि कठीण आहे तो यामुळे. आजूबाजूचा मऊ दगड झिजतो, हा कड्याच्या कपारीसारखा पुढे डोकावत राहतो.

पुसला का गेला नाही?

काळी रेघ तयार होणं तितकं दुर्मिळ नाही. ती टिकणं दुर्मिळ आहे. समुद्र जमिनीकडे सरकू लागला की त्याच्या लाटा जुनी पुळण वरून कित्येक मीटर खरवडून काढतात. आणि जड खनिजं नेमकी पुळणीच्या माथ्याला असल्यामुळे सर्वात आधी तीच जातात.

ती वाचतात समुद्र मागे हटताना. उत्तर अमेरिकेच्या मधल्या त्या समुद्राचा किनारा स्थिर नव्हता. लाखो वर्षांच्या अंतरानं तो पुढे-मागे होत राहिला. नद्या भरपूर वाळू आणत असल्या की पुळण समुद्राच्या दिशेनं वाढत जाई. कालची लाटांची जागा आज आत पडे, तिच्यावर पाणथळ जागा तयार होत आणि वनस्पतींचा कुजका गाळ साचे. पुढे त्या गाळाचा कोळसा झाला. म्हणूनच सॅन हुआन खोऱ्यात हे काळे पट्टे प्रामुख्यानं अशा मागे हटणाऱ्या समुद्राच्या वालुकाश्मांत मिळतात, उदाहरणार्थ गॅलप आणि पॉइंट लुकआउट या थरांमध्ये, आणि त्यांच्या डोक्यावर बहुतेकदा कोळशाचे थर असतात. काळ्या रंगाच्या या दोन गोष्टी एकमेकींवर असणं हा योगायोग नाही. समुद्र, पुळण, दलदल असा आडवा शेजार जमिनीत उभा रचला गेला आहे.

सैल वाळू आणि घट्ट दगड

१९६१ मध्ये अमेरिकेच्या खाण ब्युरोनं सॅन हुआन खोऱ्यातल्या ज्ञात साठ्यांचा मिळून अंदाज दिला: सुमारे ४७ लाख टन दगड, त्यात जवळपास १३ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड. टक्केवारी उत्तम आहे. तरीही तिथे खाण उघडली गेली नाही. साठे लहान आणि विखुरलेले, कण बारीक, लोह जास्त, आणि मुख्य म्हणजे सगळं दगडात जखडलेलं. आधी दगड दळायचा आणि मग कण वेगळे करायचे, याचा खर्च परवडत नाही.

हेच खनिज वयानं तरुण, सैल वाळूत असलं की चित्र पालटतं. ऑस्ट्रेलियाच्या मरे खोऱ्यातून समुद्र हटायला सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी सुरुवात झाली. तो हटताना एकामागून एक समांतर किनारे सोडत गेला. आजच्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत गव्हाच्या शेतांखाली त्या पुळणी गाडलेल्या आहेत, आणि तिथे इल्मेनाइट, रुटाइल, झिरकॉनच्या खाणी चालल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात जॅसिंथ-अँब्रोशिया हा झिरकॉनसमृद्ध साठा २००४ मध्ये सापडला. अमेरिकेतही फ्लोरिडाच्या ट्रेल रिज या जुन्या किनारी वाळूच्या कण्यातून १९४९ पासून टायटॅनियमची खनिजं काढली गेली. तिथे सुरुंग लावावा लागत नाही. वाळू पाण्यात मिसळून सर्पिल पन्हाळीतून सोडतात; जड कण आतल्या बाजूला राहतात, हलके बाहेर फेकले जातात. पुढे चुंबक इल्मेनाइट वेगळं करतो, आणि विजेचा भार वाहण्याच्या फरकावरून रुटाइल झिरकॉनपासून वेगळं होतं.

गेल्या काही वर्षांत सॅनोस्टी आणि आसपासच्या पट्ट्यांचे नमुने पुन्हा तपासले जात आहेत. या वेळी लक्ष टायटॅनियमपेक्षा मोनाझाइटमधल्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर आहे. अडचण अशी की मोनाझाइट फोडलं की त्यातलं थोरियमही बाहेर येतं. आणि हा नाव्हाहो लोकांचा मुलूख आहे. १९४४ ते १९८६ या काळात त्यांच्या भूमीतून सुमारे ३ कोटी टन युरेनियमचं खनिज काढलं गेलं. सोडून दिलेल्या पाचशेहून अधिक खाणी आजही तिथे आहेत आणि खाणकामगारांच्या कुटुंबांनी फुप्फुसांच्या आजारांची मोठी किंमत मोजली आहे. २००५ मध्ये नाव्हाहो शासनानं आपल्या हद्दीत युरेनियमच्या खाणकामावर कायद्यानं बंदी घातली. तो कायदा युरेनियमपुरता आहे. पण काळ्या वालुकाश्माचा प्रस्ताव घेऊन जो कोणी तिथे जाईल, त्याला दुर्मिळ मूलद्रव्यांचा भाव सांगण्याआधी थोरियम कुठे आणि किती काळ ठेवणार हे त्या लोकांना सांगावं लागेल.